दात हलू लागलेला खोंड: आदत, दुसा की ओपन?

बैलगाडी शर्यतीत बैल पळवणाऱ्या, मायणीकडच्या एका तरुण गाडीमालकाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: घरच्या खिल्लार गाईचा खोंड आहे, येत्या बेंदराला सव्वादोन वर्षांचा होईल. अजून आदत, म्हणजे सगळे दात दुधाचेच, पण पुढचा एक दात हलायला लागलाय. हिवाळ्यापासून आदत गटात पळतोय, जोडीला मित्राचा खोंड. बहुतेक मैदानांत (शर्यतींत) गट, म्हणजे पहिली फेरी, पास होतो आणि सेमीला मागं पडतो. फायनल अजून एकदाही नाही. मित्रमंडळी म्हणतात, दात पडायच्या आत मिळेल ते आदत मैदान करून घे, नंतर दुसा (दोन दाती) गटात थोराड बैल अंगावर येतील. चुलते म्हणतात, नावाजलेल्या बैलाशी पैरा (दुसऱ्याच्या बैलाशी जोडी) करून 'एक आदत एक बैल'ला घाल, नाहीतर सरळ ओपनला, म्हणजे सगळ्यांना खुल्या गटात जा, नाव होईल. ऐकायचं कुणाचं?

माझं मत आधीच सांगतो. दात पडायच्या घाईनं मैदानं करू नका आणि यंदा ओपनचं नाव काढू नका. खोंडाला आत्ता थांबवा. नवे दोन दात नीट वर आले की दुसा गटात, मोजकी मैदानं निवडून पळवा. ओपनचा विचार चौसा (चार दाती) झाल्यावर. नुसता निकाल सांगून थांबलो तर पुढच्या रविवारचा बॅनर बघून मन पुन्हा फिरेल, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: गट पास होतो, सेमीला मागं पडतो. पुण्याकडं खेड-जुन्नरच्या घाटात दोन जोड्या जुपतात, पुढं घोडी पळते आणि निकाल सेकंदावर लागतो. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्या बैलाचा अंदाज बांधू नका. आपल्या सातारा-सांगलीकडच्या मैदानात तासाशेजारी तास (गाडी पळायच्या पट्ट्या) आखलेले असतात, गाड्या एकदम सुटतात आणि जो पुढं येईल त्याचा झेंडा. गटातला एक नंबर सेमीला, सेमीतला फायनलला. म्हणजे फायनल गाठणारा बैल एकाच दिवसात तीनदा पळतो, मधल्या वेळात उन्हात, गर्दीत, हलगी आणि स्पीकरच्या आवाजात उभा राहतो. बैल किती जोरात पळतो एवढं बघून गट निवडणारे अर्धंच बघतात. दुसऱ्या पळाला तो पहिल्यासारखाच जुवाखाली येतो का, हे राहून जातं.

तुमचा खोंड सेमीला का मागं पडतो याची दोन कारणं असू शकतात. एक, समोरच्या गाड्याच जास्त पळीच्या आहेत. दोन, आपला खोंड पहिल्या फेरीतच सगळा दम सांडून बसतो आणि सेमीला त्याच्यात उरत नाही. दोन्हींची औषधं वेगळी. हल्ली बहुतेक मैदानांचं लाइव्ह चित्रण होतं. तुमच्या मैदानांचे व्हिडिओ काढा, सुट्टी (गाड्या सुटणं) झाल्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंतचा वेळ मोबाईलवर मोजा, एकाच मैदानातल्या गटाचा आणि सेमीचा. वेळ तेवढीच लागली आणि तरी हरला, तर समोरचे भारी होते, खोंडात खोट नाही. सेमीला वेळ वाढली, तर तो दमतोय. आणखी एक बघा: कुठं मागं पडतो? सुट्टीलाच मागं राहिला तर जोडी एकदम उचलत नाही किंवा सुट्टी करणाऱ्याचा घोळ आहे. निम्म्यापर्यंत बरोबरीनं येऊन शेवटच्या टप्प्यात मान खाली घालत असेल, तर तो दम आहे. सव्वादोन वर्षांच्या खोंडाच्या बाबतीत मला या दुसऱ्या शक्यतेचीच दाट शंका येते, आणि ज्याला दिवसाचा दुसरा पळ झेपत नाही त्याला वरच्या गटात ढकलणं म्हणजे तीच अडचण वाढवून घेणं.

आता दाताचं. गट दातावर ठरतात कारण जनावराला जन्मदाखला नसतो आणि मैदानात तोंड उघडून बघण्यासारखी दुसरी सोय नाही. बैलाला पुढं वरचे दात नसतातच, खालचे आठ. दुधाचे दात बारीक, अरुंद. पक्का दात रुंद, फावड्यासारखा, बघितल्या बघितल्या कळतो. मधली जोडी आधी बदलते. आपल्या गुरांत साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान दोन दात, तिसऱ्या वर्षाच्या आसपास चार, साडेतीनच्या पुढं सहा, आणि चार-साडेचार वर्षांत आठही येऊन बैल जुळतो. 'साधारण' हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. एकाच गोठ्यातली दोन वासरं, एकाच खुराकावरची, चार-पाच महिन्यांच्या फरकानं दात लावतात. त्यामुळं आदत गटात दीड वर्षाचं कोवळं वासरूही उभं असतं आणि दात उशिरा लावणारा अडीच वर्षांचा तयार खोंडही. तुमचा खोंड या गटातल्या वयानं मोठ्या खोंडांत मोडतो. आदत गट त्याच्यासाठी आत्ता जितका सोपा आहे तितका पुन्हा होणार नाही, हे तुमच्या मित्रांचं गणित तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

पण त्या गणितात हाडं धरलेली नाहीत. वाढत्या जनावराच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड लांबतं. वाढ पुरी झाली की तो थर हाडात विरघळून पक्का होतो. गुरांमध्ये पायाच्या खालच्या नळीचं टोक, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याजवळचं, साधारण दोन-अडीच वर्षांत पक्कं होतं. पण पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरचं टोक आणि मागच्या मांडीच्या हाडाचं खालचं टोक पक्कं व्हायला साडेतीन ते चार वर्षं लागतात. दोन दात लावलेला बैल दिसायला मोठा वाटतो, वशिंड भरलेलं असतं, चाल ऐटबाज असते, आणि गुडघे मात्र अजून वाढत असतात. भरधाव छकडा (शर्यतीची हलकी गाडी) थांबवताना, वळवताना, खडीवर पाय आपटताना पडणारा भार याच सांध्यांवर येतो. कोवळ्या वयात दर रविवारी पळवलेले खोंड चौसा होईपर्यंत गुडघ्यात जाड होतात, सकाळी उठताना पुढचे पाय जपून टाकतात. असे बैल आपल्या भागात कितीतरी दावणींना बघायला मिळतील. त्यांच्या आदत गटातल्या ढाली भिंतीवर असतात आणि बैल ओपनच्या वयात पळायचा थांबलेला असतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातले काही खरोखर मोठे बैल झाले असते.

म्हणून 'दात पडायच्या आत' ही घाई सोडा. दात हलतोय म्हणजे हिरडी दुखरी आहे. या दिवसांत खोंड कडबा चावायला टाळतो, अंगानं थोडा उतरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला जास्त पळवायचं, हे मुळातच उलटं आहे. शिवाय तोंडावरून वाद होतात. एक दात पडलाय, नवा हिरडीतून डोकावतोय, अशा खोंडाला आदत धरायचं की दुसा, याचा निर्णय मैदानागणिक बदलतो. आयोजकांना आधी फोन करून विचारलं नाही तर छकडा, पिकअप, माणसं घेऊन जायचं आणि पंचांनी तोंड बघून परत पाठवायचं, असं होतं. हलणारा दात राखायच्या किंवा लवकर पाडायच्या खटपटी कुणी सुचवल्या तर साफ नाही म्हणा. तोंडाला जखम झालेलं जनावर खात नाही, आणि न खाणारं जनावर पळत नाही.

चुलत्यांच्या सल्ल्याकडं येतो. 'एक आदत एक बैल' हा गट मुळात चांगला आहे. जुन्या बैलाशेजारी जुपलेला खोंड ज्या गोष्टी शिकतो त्या दुसऱ्या खोंडाशेजारी कधीच शिकत नाही: सुट्टीला शांत उभं राहणं, सुट्टीचा झेंडा पडताच एकदम उचलणं, तास न सोडणं, शेवटी आरडाओरडा झाला तरी सरळ जाणं. पण हे शिक्षण शेजारचा बैल कोणता यावर सगळं अवलंबून. बक्षिसाच्या नादात लोक सगळ्यात वेगवान बैल शोधतात. जू एकच असतं. मोठा बैल त्याच्या ढेंगेनं निघतो आणि खोंडाला त्याच्या वेगानं फरफटत जावं लागतं. खोंड मागं पडला की जू तिरपं होतं, छकडा खोंडाच्या बाजूला ओढला जातो, तास सुटायची वेळ येते. शेजारच्या तासात गाडी शिरली तर निकाल जातोच, पण दोन गाड्या एकमेकींत अडकल्या तर बैल आणि ड्रायव्हर दोघांच्या जिवावर बेततं. उंचीचा फरक जास्त असेल तर जू खोंडाच्या मानेवर नीट बसतही नाही, खांदा सोलतो, आणि एकदा खांदा दुखला की तो पुढं कित्येक महिने जू बघितलं की मान फिरवतो.

नावाजलेल्या बैलाचा पैरा मिळतोय म्हणून भुलू नका. पैरा करायचाच तर आठ-नऊ वर्षांचा, मैदानाला सरावलेला, डोकं शांत असलेला बैल शोधा, ज्याचा पळ आता थोडा उतरलाय पण जो एकदाही तास सोडत नाही. असा बैल एक नंबर काढून देणार नाही, खोंड घडवून देईल. आणि तो मैदानातच मिळाला पाहिजे असंही नाही. गावातल्या कुणाचा असा बैल असेल तर घरच्या रानातल्या चाकोरीवर, रिकाम्या छकड्याला, निम्म्या वेगानं जुपा. शिकायचं ते तिथंही शिकतो. खोंड डाव्या खांद्याला (जुवाच्या डाव्या बाजूला) पळतो असं तुम्ही लिहिलंय. या सरावात त्याला मधूनमधून उजव्या खांद्यालाही जुपा. दोन्ही खांदी पळणाऱ्या बैलाला पुढं जोडीदार मिळायला अडचण येत नाही.

ओपनबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण या खोंडासाठी तो विषयच नाही. ओपनला जुळलेले, पक्क्या हाडाचे, कित्येक मैदानं बघितलेले बैल येतात. तिथं तुमचा खोंड गटात मागं राहील हे नुकसान लहान आहे. मोठं नुकसान असं की, पुढं पळणाऱ्या गाड्यांच्या धुरळ्यात वारंवार मागून येणारा खोंड तसंच पळायला शिकतो. समोर गाडी असणं त्याला सवयीचं होतं. ज्या खोंडाला पुढं राहायची सवय लागली तो शेजारची गाडी बरोबरीला आली की कान टवकारून आणखी ओढतो, आणि ही ईर्ष्या कुठल्याही खुराकानं येत नाही. ती लहान वयात, झेपणाऱ्या गटात जिंकून येते. म्हणून खालच्या गटात पळवण्यात कमीपणा मानू नका. सांगली-कोल्हापूरकडं लांब पल्ल्याच्या, जाऊन परत येण्याच्या शर्यती असतात, तिथंही दमाच्या पक्क्या बैलांचंच काम. आत्ता तिकडं बघायलाही नको.

कोणत्या खोंडाला लवकर वर घालता येतं? काही खोंड खरोखर वेगळे असतात. माझी कसोटी अशी. एक, तो सलग काही मैदानांत फायनलला उभा राहिलेला असावा, आणि गट, सेमी, फायनल या तिन्ही पळांची वेळ जवळपास सारखी असावी. दोन, मैदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा खातो, रवंथ करतो, आणि पुढच्या गुडघ्यांवर हाताची पालथी बाजू ठेवली तर गरम लागत नाही. तीन, कडेचा तास आला तरी बिचकत नाही. तास चिठ्ठीनं मिळतो, आपल्या हातात नसतो; कडेला लोक दोरीला टेकून ओरडत असतात, गमजे उडवतात. मधल्या तासात वाऱ्यासारखा पळणारा खोंड कडेच्या तासात लोकांपासून लांब सरकायला बघतो आणि जोडीदारावर लोटतो. याची परीक्षा ओपनच्या गर्दीत घेऊ नये. जवळच्या गावच्या यात्रेतलं छोटं मैदान त्यासाठी बरं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या मैदानाचा जनसमुदाय कोवळ्या खोंडासाठी वेगळीच गोष्ट आहे. तिथं त्याला या वर्षी नुसतं नेऊन बांधा, आवाज ऐकू द्या, हवं तर पळवू नका.

तुमच्या खोंडाच्या बाबतीत यातली पहिलीच अट पुरी होत नाही.

आता थांबायचं म्हणजे दावणीला बांधून ठेवायचं असं नव्हे. दात बदलण्याचे हे महिने मी दम वाढवायला वापरीन. सकाळी उन्हाच्या आत मऊ रानातून चालवणं, वेग न देता, पण अंतर हळूहळू वाढवत. नांगरटीतून रोज चालणाऱ्या खोंडाच्या मागच्या मांड्या महिन्या-दोन महिन्यांत भरतात. पोहणी चांगली, सांध्यांवर भार न येता छाती खुलते. मात्र प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात खोंड घालू नका. कागदावर खूर टिकत नाही, बाहेर येता येत नाही, आणि घाबरलेलं जनावर खालच्या माणसालाही बुडवतं. उतार असलेला ओढा, नदीचा घाट किंवा पायऱ्यांची मोठी विहीर, आणि दोन्ही बाजूंनी कासरा धरलेली जाणती माणसं, एवढं असेल तरच.

खुराकाचं वेड फार वाढलंय, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. दूध, अंडी, बदाम, काजू, तूप, लोक काय काय घालतात. बैल रवंथ करणारं जनावर आहे. त्याचं पोट चाऱ्यावर चालतं. भरडा आणि धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ होतं, बैल सुस्तावतो आणि पुढं खुरांच्या आतल्या भागालाही सूज येते. मालक मात्र म्हणतो, एवढं खाऊ घालतो तरी पळत का नाही! शाळूचा चांगला कडबा, थोडा हिरवा चारा, मक्याचा किंवा हरभऱ्याचा भरडा बेतानं आणि दोन वेळांत विभागून, खनिज मिश्रण, मीठ, आणि स्वच्छ पाणी कायम समोर. वाढत्या हाडांना खनिज मिश्रण बदामापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं आणि स्वस्तही असतं. दात हलत असेपर्यंत कडब्याची कुट्टी करून, थोडी भिजवून द्या. खुराकात काहीही बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

याच काळात लसी उरकून घ्या: लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या, वर्षातून एकदा लम्पीची. २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यभर शर्यती आणि बाजार बंद करावे लागले होते, हे तुम्ही बघितलंय. लस दिल्यावर निदान आठवडाभर जोराचा पळ नको. कानातला बारा आकडी बिल्ला नसेल तर तोही मारून घ्या.

दोन्ही दात बरोबरीनं वर आले, खोंड पुन्हा कडबा कडाकडा खायला लागला, की घरी एक परीक्षा घ्या. सकाळी गारव्यात मैदानाएवढ्या अंतराचा एक पळ. त्याआधी उभ्या बैलाच्या बरगडीकडं बघून अर्ध्या मिनिटात किती श्वास होतात ते मोजा आणि दुप्पट करा. विसावलेल्या बैलाचे गार वेळेला मिनिटाला साधारण पंधरा ते तीस असतात. पळ झाल्यावर दर दहा मिनिटांनी मोजा आणि लिहून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात आकडा पहिल्याच्या जवळ आला पाहिजे. मग दीड तासानं दुसरा पळ, तीच वेळ येते का बघा. श्वास खाली यायला तास उलटत असेल, जीभ बाहेर पडत असेल, घट्ट लाळ गळत असेल, तर बैल तयार नाही. पंधरा दिवस चालणं-पोहणं चालू ठेवून पुन्हा परीक्षा घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर गोठ्यात असावाच. एकशे एक-दोन फॅरनहाइट हे नेहमीचं, पळानंतर ते वाढतं, पण तासाभरानंतरही उतरत नसेल तर त्या दिवशी सेमी असो की फायनल, गाडी काढून घ्यायची. बैल घोड्यासारखा घामानं गार होत नाही. बरीचशी उष्णता तो धापेतून बाहेर टाकतो, म्हणून त्याला सावली आणि अंगावर पाणी लागतं. प्यायला पाणी थोडं थोडं, पण द्या.

परीक्षा पास झाला की दुसा गट. पहिलं मैदान जवळचं निवडा, पिकअपमध्ये तासाभराच्या आत पोचता येईल असं. गाडीत तळाला वाळू किंवा भुसा टाका; चालत्या गाडीत पाय रोवून उभं राहण्यात खोंडाची बरीच ताकद जाते हे लोक धरतच नाहीत. लांबचं मैदान असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. आधी जमीन बघून या. मऊ मुरमाची, पाणी मारून रोलर फिरवलेली चाकोरी असेल तर ठीक. खडी वर आलेली किंवा शेवटी थांबायला जागा कमी असलेली असेल तर प्रवेश फी भरली असली तरी परत या. दोन मैदानांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. गट आणि सेमी या दोन पळांची वेळ सारखी येऊ लागली की समजायचं, दम बसला. त्यानंतर फायनल आपोआप दिसायला लागते.

काठी आणि बॅटरीबद्दल (बैलाला शॉक द्यायच्या) वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो. शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडलं, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं हा कायदा कायम ठेवला. या मधल्या वर्षांत खिल्लार खोंडाला खरसुंडीच्या बाजारात कुणी विचारत नव्हतं, माणसं जातिवंत गाई विकून संकरित गाई आणत होती. हा खेळ परत मिळालाय तो जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावराची डॉक्टरी तपासणी आणि मारहाण-शॉक नाही, या अटींवर. न झेपणाऱ्या गटात घातलेला बैल हमखास मागं पडतो, आणि मागं पडलेल्या बैलावरच ड्रायव्हरचा हात उठतो. गट बरोबर निवडला तर तो प्रसंगच येत नाही. तुमचा ड्रायव्हर कोण आहे हे तुम्ही लिहिलं नाही. रिकाम्या हातानं, नुसत्या आवाजावर गाडी काढणारा ड्रायव्हर नसेल तर आधी तो बदला, गटाचा विचार नंतर.

एक गोष्ट मोकळेपणानं. आदत गटात फायनल मारलेल्या खोंडाला लाखांत मागणी येते, आणि बऱ्याच जणांची घाई विकण्यासाठी असते. तुमच्या मनात ते असेल तर तो तुमचा हक्क आहे. घरची अडचण मला माहीत नाही. मग आहे तसाच, झालेल्या मैदानांच्या व्हिडिओंवर विका, पण विकण्यासाठी म्हणून शेवटची चार मैदानं त्याच्याकडून काढून घेऊ नका. तुमच्या लिहिण्यावरून मात्र तो घरात जन्मलेला आणि घरातच राहणारा खोंड वाटतो. तसं असेल तर त्याची खरी वर्षं अजून यायची आहेत. खिल्लार बैल जपला तर चौथ्या-पाचव्या वर्षी भरात येतो आणि पुढं बरीच वर्षं पळतो.

चौसा झाल्यावर काय? चार दात आल्यावर चौसा गटात काही महिने, आणि वर लिहिलेल्या तीन अटी पुऱ्या झाल्या की ओपनचं एखादं मैदान, तेही चांगल्या, समान उंचीच्या जोडीदाराबरोबर. ओपनला एकदा गेला म्हणून कायम ओपनच असं नाही. तिथं दोन मैदानं जड गेली तर निमूट चौसाला परत आणा. लोक बोलतील. बैलाला त्याचं काही नसतं.

राहिला तुमच्या मित्राचा खोंड. तो वयानं लहान असेल तर तुमचा दुसा झाल्यावरही तो आदतच राहील, आणि ही जोडी दुसा गटात जुपायची झाली तर मित्राच्या खोंडावर तेच ओझं पडेल जे तुमच्या खोंडावर ओपनला पडलं असतं. दोघांची मैत्री जोडीवर टिकून असते हे मला ठाऊक आहे, म्हणून हे मैदानाच्या आदल्या रात्री नको. या आठवड्यात दोन्ही खोंडांची तोंडं एकत्र बघा, पशुवैद्यकाला बोलावून दोघांचे गुडघे तपासून घ्या. मित्राच्या खोंडाचे दात अजून घट्ट असतील तर त्याला आदतसाठी दुसरा जोडीदार शोधायला आत्ताच सांगा, आणि तुम्ही दोन दाती झालेला, उंचीला बरोबर बसणारा, उजव्या खांद्याचा खोंड शोधायला लागा. दिवाळीपर्यंत वेळ आहे.